न आलेला निरोप

आमच्या बालवाडीत सकाळी प्रार्थना झाली की हजेरी होते. मी नाव घेते, मूल 'हजर' म्हणून ओरडते आणि मी वहीत खूण करते. सगळे ठरल्याप्रमाणे चालले आहे तोवर या हजेरीत काही विशेष नाही. पण एखादे नाव घेतले आणि उत्तर आले नाही, की वर्ग क्षणभर गप्प होतो. ते मूल तापाने निजले आहे, मामाच्या गावाला गेले आहे, की नुसतेच खिडकीबाहेरच्या खारीकडे पाहत बसले आहे? मौनाचे हे तीन अर्थ. आणि माझ्या टेबलापाशी बसून पाहिले तर तिन्ही अगदी सारखे दिसतात.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. पोटासाठी मुलांना गाणी शिकवावीत आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा क्रम. अशा बाईने यंत्रांच्या इतिहासात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरातलेच आहे. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने कोकणातल्या आमच्या घरात चार चिमुकली यंत्रे बसविली. ती यंत्रे एकमेकांशी आणि आमच्याशी ज्या रीतीने बोलतात ती समजून घेता घेता मी पंचवीस-सव्वीस वर्षे मागे गेले. आणि तिथून आणखी मागे, १९९१ सालच्या भाद्रपदापर्यंत.

त्या साली मी बारा वर्षांची होते. वडील मुंबईस नोकरीला, आम्ही गावी. महिन्याच्या सुरुवातीला त्यांचे कार्ड येई. त्या महिन्यात ते आले नाही. पावसाळ्यात टपाल उशिराच येते, म्हणून कोणी काळजी केली नाही. आई मोदकाच्या तांदळाची पिठी करीत होती, मी आणि माझी बहीण गणपतीचे मखर रंगवीत होतो. तिसऱ्या दिवशी तार आली. वाटेत कुठेतरी पावसाने खांब पडला होता. दोष कोणाचाच नव्हता. पण मुंबईत सारे आटोपले होते, आणि ते तीन दिवस आम्ही मखराला सोनेरी कागद चिकटवीत होतो, ही गोष्ट आई अजून विसरलेली नाही. तार उशिरा आली याचे तिला तेवढे दुःख नाही. "तीन दिवस काहीच आलं नाही, आणि मला वाटलं, काही आलं नाही म्हणजे सगळं बरं आहे," हे ती अजून म्हणते.

आता मूळ विषयाकडे वळते.

हा इतिहास सुरू होतो तो कोणाच्या दिवाणखान्यात नव्हे, तर अमेरिकेतल्या तेलवाहिन्यांच्या काठी. तेल वाहून नेणारे नळ शेकडो मैल माळरानातून जातात. मध्ये मध्ये ठाणी असतात. तिथे माणूस नसतो, यंत्र असते. नळातला दाब किती, प्रवाह किती, झडप उघडी आहे की मिटलेली, हे ते यंत्र मोजते. ही माहिती दूरच्या नियंत्रण कक्षात पोचली पाहिजे. कारण दाब एकाएकी उतरला तर नळ कुठेतरी फुटलेला असण्याचा संभव असतो.

जुनी पद्धत अगदी माझ्या हजेरीसारखी होती. मध्यवर्ती संगणक एकेका ठाण्याला विचारी, "तुझा दाब किती?" ठाणे उत्तर देई. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. शेवटचे ठाणे झाले की पुन्हा पहिल्यापासून. रात्रंदिवस ही हजेरी चाले. दाब सकाळपासून बदललेला नसला तरी प्रश्न चुकत नसे. शिवाय ज्याने विचारले त्यालाच उत्तर मिळे. तोच आकडा हिशेबनीसाला हवा असला, दुरुस्ती खात्याला हवा असला, तर त्यांची सोय निराळी करावी लागे. एकाच वर्गाची हजेरी चार शिक्षकांनी एकामागून एक येऊन घ्यावी, तसे हे होते.

तारेवरून हे बोलणे चालत होते तोवर निभावले. पण आडरानातल्या ठाण्यांशी बोलायचे तर निरोप उपग्रहामार्फत न्यावा लागे, आणि त्या काळी उपग्रहावरून जाणाऱ्या प्रत्येक अक्षराचे दाम मोजावे लागत होते. फिलिप्स ६६ या तेल कंपनीच्या वाहिन्यांसाठी १९९९ साली हा प्रश्न दोघांच्या पुढे आला. एक आर्लन निपर. हे आर्कम कंपनीत होते आणि तेलवाहिन्यांचे काम जाणत होते. दुसरे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क. हे आयबीएम कंपनीच्या इंग्लंडमधल्या हर्स्ली येथील प्रयोगशाळेत होते. हर्स्ली हे विंचेस्टर शहराजवळचे खेडे. दुसऱ्या महायुद्धात साउथॅम्प्टनवर बॉम्ब पडल्यानंतर स्पिटफायर विमानांचा आराखडा करणारे लोक तिथल्याच वाड्यात येऊन काम करीत होते. त्या वाड्याच्या आवारातल्या प्रयोगशाळेत १९९३ साली एमक्यू सिरीज नावाची एक निरोपव्यवस्था तयार झाली होती. बँकांसारख्या मोठ्या कचेऱ्यांतल्या मोठ्या संगणकांनी एकमेकांना पाठवलेले निरोप हरवू नयेत म्हणून. तिच्याच नावातली पहिली दोन अक्षरे घेऊन या दोघांनी आपल्या नव्या निरोपशिस्तीला नाव दिले: एमक्यूटीटी. नाव घोड्याच्या टापांसारखे वाजते. पण आतली कल्पना फार साधी आहे.

ती कल्पना अशी. कोणी कोणाला विचारायचे नाही. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असेल त्याने ते आपणहून सांगायचे, आणि तेही परस्पर कोणाला नव्हे, तर मध्ये बसलेल्या एका मध्यस्थाला. या मध्यस्थाला ब्रोकर म्हणतात. निरोपाच्या डोक्यावर विषय लिहायचा: 'वाहिनी/ठाणे सात/दाब'. ज्याला तो विषय हवा असेल त्याने मध्यस्थाकडे आधीच नाव नोंदवून ठेवायचे. निरोप आला की मध्यस्थ नोंदलेल्या सगळ्यांना तो वाटून टाकतो. पाठविणाऱ्याला घेणारे ठाऊक नसतात, घेणाऱ्याला पाठविणारा ठाऊक असण्याची गरज नसते. ही कल्पना काही या दोघांनीच प्रथम काढली असे नव्हे; मोठ्या संगणकांच्या जगात ती आधीपासून होती. त्यांनी ती इतकी हलकी केली की माळरानावरच्या गरीब यंत्रालाही पेलावी.

वाचकांना हे अवघड वाटण्याचे कारण नाही, कारण या घटकेला तुम्ही तेच करीत आहात. मी हा लेख लिहिला आणि संपादकांकडे पाठविला. तो कोणत्या घरी, कोणत्या फराळाच्या ताटाशेजारी वाचला जात आहे, ते मला माहीत नाही. तुम्ही अंकाची मागणी नोंदविली, म्हणून तो तुमच्याकडे आला. इंग्रजीतही या रीतीला जे शब्द आहेत ते छापखान्याच्या जगातलेच: पाठविणारा तो प्रकाशक आणि घेणारा तो वर्गणीदार. एका अंकाचे वर्गणीदार वाढले म्हणून लेखकाला पुन्हा लिहावे लागत नाही. तसे हिशेबनीस आणि दुरुस्तीवाले वाढले तरी ठाण्याला एकदाच बोलावे लागते.

काटकसर किती, तेही सांगण्यासारखे आहे. काहीच घडले नसेल तेव्हा यंत्र मधून मधून एवढेच कळविते की मी आहे. या निरोपाची लांबी दोन बाइट. माझा भाचा म्हणाला, "मावशी, देवनागरीतला एक 'म' संगणकात ठेवायला तीन बाइट लागतात." म्हणजे 'मी आहे' हे सांगायला या यंत्रांना 'मी'मधल्या 'म'इतकीही जागा पुरून उरते! कादंबरीकाराने शरमावे अशी ही गोष्ट आहे.

महत्त्वाप्रमाणे निरोपाच्या तीन प्रती. पहिली साध्या कार्डासारखी: टाकले पेटीत, पोचले तर पोचले. दुसरी पोचपावतीची: पावती येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचे, मग एखादे वेळी तेच पत्र दोनदा पोचले तरी चालेल. तिसरीत चार वेळा देवाणघेवाण होते, आणि निरोप एकदाच, नेमका एकदाच पोचतो. खोलीतली उष्णता कळवायला पहिली प्रत पुरते. झडप बंद करण्याचा हुकूम मात्र कार्डावर लिहून चालणार नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

यंत्र मध्यस्थाकडे प्रथम येते तेव्हाच ते आपले मृत्युपत्र त्याच्या हवाली करू शकते. मी अलंकारिक बोलत नाही; इंग्रजीत त्याचे नावच तसे आहे. 'मी जर काही न सांगता नाहीसा झालो, तर माझ्या नावाने एवढा निरोप सर्वांना दे.' त्याचबरोबर ते किती अंतराने बोलेन तेही सांगून ठेवते. समजा, एक मिनिट. मग मध्यस्थ त्याच्या दीडपट, म्हणजे नव्वद सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात काहीच ऐकू आले नाही तर तो ते मृत्युपत्र उघडतो आणि वाचून दाखवितो. पण यंत्र रीतसर निरोप घेऊन गेले असेल, तर मध्यस्थ मृत्युपत्र फाडून टाकतो. आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणते. 'येतो' म्हणून गेलेल्याची काळजी नसते. न बोलता गेलेल्याचीच असते.

तेलवाहिनीच्या ठाण्यासाठी योजलेली ही तरतूद मी वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. १९९१ साली आमच्या घरी असा मध्यस्थ असता तर! तार लवकर पोचविणे कोणाच्या हाती नव्हते. पण 'कार्ड आलेले नाही' हाही एक निरोप आहे, हे सांगणारे कोणी असते, तर ते मखर तसेच राहिले असते. माणसाने निरोप जलद पोचविण्याचा फार विचार केला. घोडेस्वार झाले, तारा झाल्या, उपग्रह झाले. न आलेल्या निरोपाला अर्थ देण्याची शिस्त मात्र आपण यंत्रांना शिकविली, माणसांत आणायची राहून गेली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. तेलाच्या नळांपासून घराच्या दिव्यांपर्यंतची वाट खुद्द स्टॅनफर्ड-क्लार्क यांच्याच उंबरठ्यावरून गेली. हे गृहस्थ राहतात आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर, सोळाव्या शतकातल्या गवती छपराच्या घरात. आपल्या त्या घरात त्यांनी दिवे, विजेचा वापर, टेलिफोन अशा गोष्टी या निरोपशिस्तीला जोडल्या. उंदरांचे सापळेसुद्धा जोडले! उंदीर सापडला की घरच त्यांना कळवीत असे. २००९ च्या सुमारास या बोलक्या घराची हकीकत वर्तमानपत्रांतून आली.

तोपर्यंत ही विद्या एका कंपनीच्या मालकीची होती. २००९ मध्येच रॉजर लाइट या इंग्रज गृहस्थांनी मॉस्किटो नावाचा मध्यस्थ लिहून सर्वांना फुकट दिला. नाव डासाचे, पण कोणाचे रक्त पीत नाही. २०१० मध्ये संकेताची नियमावली कोणालाही विनामूल्य वापरता यावी अशी खुली झाली. २०११ मध्ये फेसबुकने आपल्या मेसेंजरसाठी तीच वापरली, कारण फोनची बॅटरी आणि माळरानावरच्या ठाण्याची बॅटरी यांचे दुःख एकच. २०१३ मध्ये आयबीएमने ती ओएसिस या मानक ठरविणाऱ्या संस्थेकडे सोपविली, २०१४ मध्ये तिला मानकाचा दर्जा मिळाला, २०१६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि २०१९ मध्ये तिची पाचवी आवृत्ती निघाली. यांतल्या २०१३ सालापाशी मी थबकले. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा बंद झाली.

२०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची बिनतारी जोडणीची एक स्वस्त चिप बाजारात आली आणि हौशी मुलांची दिवाळी झाली. दोनतीनशे रुपयांत दिव्याचे बटण बोलके होऊ लागले. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नसत. पण विषय लिहून मध्यस्थाकडे निरोप टाकता आला की पुरे. 'घर/माजघर/दिवा', 'घर/परसदार/कडी', 'घर/विहीर/पंप'. 'घर/' लिहून पुढे एक खूण केली की सगळ्या घराची वर्गणी भरता येते.

या सोयीला काळी बाजू नाही असे मात्र नाही. तेलवाहिनीच्या बंदिस्त जाळ्यात कोणी परका येत नव्हता. तीच रीत घरोघर गेली, आणि पुष्कळांनी मध्यस्थाच्या दाराला कुलूपच लावले नाही. २०१८ मध्ये अॅव्हास्ट या सुरक्षा कंपनीने शोध घेतला तेव्हा इंटरनेटवर उघड दिसणारे ४९,००० मध्यस्थ आढळले, आणि त्यांतल्या ३२,००० हून अधिक मध्यस्थांना परवलीचा शब्दच नव्हता. घर रिकामे केव्हा असते, दार केव्हा उघडते, हे कोणाही वाटसरूने वाचावे! कुलूप आणि सांकेतिक लिपी यांची सोय या शिस्तीत आहे. पण कडी लावायची ती माणसानेच.

भाच्याने आमच्याकडे कडी लावली, मग यंत्रे लावली. आई गावी एकटी असते, मी साताऱ्यास. माजघराचा दिवा, परसदार, विहिरीचा पंप आणि स्वयंपाकघर अशी चार यंत्रे गावी, आणि मध्यस्थ साताऱ्यास भाच्याच्या खोलीत. मृत्युपत्रात त्याने प्रत्येकाच्या नावाने 'मी गेलो' असे लिहिले होते. मी ते अशुभ म्हणून बदलायला लावले. आता 'आवाज नाही' असे आहे.

आईला हे आवडले नाही. "माझ्यावर पहारा बसवलास होय ग?" एवढेच ती म्हणाली आणि चार दिवस फोनवर हवापाण्याखेरीज बोलली नाही.

गेल्या जुलैत एका रात्री दोन वाजता माझा फोन वाजला. माजघर: आवाज नाही. पाठोपाठ परसदार, पंप, स्वयंपाकघर. चारही मृत्युपत्रे मिनिटाच्या आत उघडली गेली. आईचा फोन लागेना. मी बारा वर्षांची झाले. अंथरुणावर बसून राहिले. हाताला सोनेरी कागदाचा डिंक लागल्यासारखे वाटत होते. भाच्याला उठविले. तो डोळे चोळीत म्हणाला, "मावशी, चौघंही एकदम गेली ना? मग कोणी गेलेलं नाही. वीज गेली. आजीला काही झालं असतं तर दिवे बोलतच राहिले असते."

त्याचे म्हणणे खरे होते आणि तेच भयंकर होते. यंत्राचे मौन कळत होते. आईचे मौन यंत्राला कळणार नव्हते. पहाटे शेजारचे अण्णा छत्री घेऊन जाऊन आले. विजा कडाडत होत्या म्हणून आईने स्वतःच मेन स्विच खाली केला होता आणि फोन उशाशी न ठेवता फडताळात ठेवून ती गाढ झोपली होती.

दुसऱ्या दिवशी तिला मी मृत्युपत्राची गोष्ट सांगितली. दीडपट वाट पाहण्याची आणि 'येतो' म्हणून जाण्याचीही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे काही आलं नाही, तर तेही कळतं?"

"यंत्रांचं कळतं."

"मग मलाही एक बसवून दे. माझा दिवा तुला दिसतो, तुझा मला का दिसू नये? तू रात्री-अपरात्री लिहीत बसतेस. निजलीस की नाही, मला कोण सांगणार?"

इतके दिवस हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. मध्यस्थाच्या लेखी कोणी नुसता प्रकाशक नसतो आणि कोणी नुसता वर्गणीदार. ज्याला ऐकायचे आहे त्याने बोलावे आणि ज्याने बोलावे त्याला ऐकू यावे, याला तिथे काहीच आडकाठी नाही. आडकाठी होती ती मुलीच्या डोक्यात. पहारा एका बाजूने असला तरच पहारा. दोन्ही बाजूंनी असला की ती विचारपूस होते.

भाच्याने दसऱ्याला जाऊन देवघराच्या कोनाड्याखाली एक बोटाएवढा दिवा बसविला. मी साताऱ्यास लिहिण्याचा दिवा लावला की तो पेटतो, मी मालविला की विझतो. त्याचे मृत्युपत्र आईने स्वतः सांगितले: माझ्या दिव्याचा आवाज गेला तर तिचा दिवा विझू नये, मिणमिणावा, म्हणजे तिला फोन करायचे कळेल. मीही एक नियम पाळते. निजताना दिवा नुसता बंद करीत नाही. आधी फोन करून तिला 'येते' म्हणते.

तुळशीपुढची पणती मात्र तिने कशाला जोडू दिलेली नाही. "तिचा निरोप जिथे जायचा तिथे जातो," असे ती म्हणाली. मी वाद घातला नाही. हा लेख लिहून संपला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते, आणि फोन वाजत होता.